सहदेवने न लिहिलेली ओळ

चौक या गावात जुन्या हायवेला लागून आमचं गॅरेज आहे. वडिलांनी टाकलं, आता मी चालवतो. सहदेव पिंगळे पहिल्यांदा इथं आला तो बारावीला एक विषय राहिला तेव्हा. त्याचं कुंभेगाव आमच्यापासून आत तीन किलोमीटर. बाप लवकर गेलेला. आई येसूबाई पावसाळ्यात भात लावायची आणि उन्हाळ्यात वीटभट्टीवर जायची. वडिलांनी त्याला कामावर ठेवून घेतलं आणि दीड वर्षात तो ट्रकच्या ब्रेकचं काम माझ्यापेक्षा सफाईनं करायला लागला. बोरघाट उतरून आलेल्या गाड्या आमच्याकडे थांबायच्या. गाडी अजून रस्त्यावरच असायची आणि सहदेव पाना हातात घेऊन म्हणायचा, "दादा, मागचं डावं चाक धरलंय." बहुतेक वेळा तसंच निघायचं.

२००८ साली तो फौजेत भरती झाला, ड्रायव्हर-मेकॅनिक म्हणून. सहा वर्षांनी माझी धाकटी बहीण जागृती त्याला दिली. म्हणजे तो माझा मेव्हणा, पण मला अजून किरणदादाच म्हणतो.

त्याला एक नाद होता, लिहिण्याचा. फौजेत गेल्यावर फोन हातात आला तेव्हा तो फेसबुकवर लिहायला लागला, 'घाटाखालचा' या नावानं. स्वतःचं नाव नाही, फोटो नाही. कधी पाताळगंगेच्या पाण्याबद्दल, कधी आईच्या हातच्या तांदळाच्या भाकरीबद्दल, कधी बर्फात गाडी सुरू करायची तर काय काय करावं लागतं त्याबद्दल. साधं लिहायचा. चारेकशे लोक वाचायचे. त्यातले निम्मे आपल्याच भागातले होते आणि हा कोण, हे त्यांना माहीत नव्हतं.

मग वरून हुकूम आला. फेसबुक, इन्स्टा आणि असली बरीच अॅप फौजेतल्या माणसांनी फोनमधून काढून टाकायची. सहदेवनं काढून टाकली आणि तसं लिहूनही दिलं. सुट्टीवर आला तेव्हा मला म्हणाला, "बरोबरच हाय रं दादा. पोरं वर्दीत फोटो टाकतात, मागं बंकर दिसतो. कोण कुठनं बघतंय काय माहीत."

त्याच सुट्टीत त्याचा वाढदिवस आला. कुंभेगावच्या पोरांनी चौक नाक्यावर त्याचा वर्दीतला फोटो मोठा करून बॅनर लावला, खाली युनिटच्या नावासकट. सहदेव स्वतः शिडी घेऊन वर चढला आणि बॅनर उतरवून आला. पोरं नाराज झाली. जागृतीनं स्टेटसला ठेवलेला फोटोही त्यानं काढायला लावला. ती फणफणली, "नवरा फौजेत हाय हे सांगायची पण चोरी?" तो हसला आणि म्हणाला, "सांग की. तोंडानं सांग."

हे सगळं लिहितोय ते एवढ्यासाठी, की नियम न पाळणारा माणूस तो नव्हता. एक गोष्ट मात्र त्यानं केली नव्हती. फेसबुक त्याच्या फोनमधून गेलं, पण 'घाटाखालचा' हे खातं त्यानं कधीतरी माझ्या फोनवर उघडलेलं होतं आणि ते तसंच राहिलं. बंद करू, करू म्हणत त्यानंही केलं नाही आणि मीही केलं नाही.

त्याच्या युनिटात महाराष्ट्राची पोरं बरीच होती, पण घाटाखालची तिघंच. एक सहदेव, दुसरा खोपोलीचा रूपेश आणि तिसरा कर्जतच्या पुढचा, कशेळे रस्त्यावरच्या एका गावातला योगेंद्र. योगेंद्र सगळ्यांत लहान. ट्रक चालवायचा. सहदेव तोवर नाईक झाला होता, दंडावर दोन फिती, आणि गाड्यांची तपासणी त्याच्याकडे होती. दोघांचं फार जमायचं. आईनं पाठवलेल्या वालांचं बिरडं करून योगेंद्र डब्यात घालून याच्याकडे घेऊन यायचा.

२०२१ च्या डिसेंबरात डोंगरातल्या एका वळणावर योगेंद्रची गाडी दरीत गेली. गाडीत वरच्या चौकीचा शिधा होता आणि तो एकटाच होता.

शव कर्जतला आलं, मोठी गर्दी झाली, घोषणा झाल्या. महिन्याभरानं चौकशीचा निकाल लागला, चालकाची चूक. एवढंच होतं कागदावर. पण गावात कागद जसाच्या तसा थोडाच पोचतो? चालकाची चूक म्हणजे काय, तर प्यायलेला असणार. थंडीत तिकडं रम मिळतेच. असं कुणीतरी म्हणालं आणि मग सगळेच म्हणायला लागले.

फेब्रुवारीत सहदेव सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला मोटरसायकलवरून योगेंद्रच्या घरी घेऊन गेलो. योगेंद्रची आई बायजाबाई दारातच बसली होती. साठीची बाई, हाडापेरानं मजबूत. आम्हाला बघून रडली नाही. आत नेऊन बसवलं, भाकरी टाकली, वाढलं. सहदेव जेवायला लागला तशी समोर बसून म्हणाली, "सहदेवा, तू व्हतास ना रं तिथं?"

"व्हतो मावशे."

"माजा योगी पीत व्हता का?"

"नाय. शपथेवर सांगतो. तो शिवत पण नव्हता."

"मग गाडी खाली कशी गेली?"

सहदेवनं मान वर केली नाही. "रस्ता वाईट व्हता मावशे," म्हणाला.

"रस्ता तर रोजच वाईट आसल," बायजाबाई म्हणाली. "लोकं माज्या तोंडावर काय बोलत नाय. मी पानी भराया गेले का गप व्हतात. ते गप व्हनं मला आयकू येतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गॅरेजवर आला आणि माझा फोन मागितला. मला वाटलं, फोन लावायचा असेल. कोपऱ्यात जुने टायर रचलेले होते, त्यावर बसून तो तास-दीड तास टाइप करत राहिला. मी एका टेम्पोच्या खाली होतो. बाहेर आलो तेव्हा त्यानं फोन माझ्या हातात दिला. "वाच."

मी वाचलं. अजून पाठ आहे.

'योगेंद्र प्यायलेला नव्हता. त्याच्या गाडीच्या ब्रेकला हवेचं प्रेशर टिकत नव्हतं. हे त्यानं दोनदा तोंडी सांगितलं होतं, एकदा लिहून दिलं होतं. सामान येतंय, येतंय म्हणत तीन आठवडे गेले. खालचा रस्ता बंद, सामान येणार कुठून? पण मंगळवारची शिध्याची खेप चुकवायची नाही म्हणून त्या सकाळी तीच गाडी वर पाठवली. दुसऱ्या पुलाच्या पुढचं वळण ज्यानं बघितलंय त्याला कळेल, तिथं चूक करायलाही वेळ मिळत नाही. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही. म्हणून चूक त्याची.'

मी ब्रेकवाला माणूस. प्रेशर टिकत नाही म्हणजे उतारावर ब्रेक लागेलच याचा भरवसा नाही, हे मला कुणी सांगायला नको. मी म्हणालो, "टाक."

तेवढ्यात जागृती माझा जेवणाचा डबा घेऊन आली. तिनं फोन घेऊन वाचलं आणि आधी शटर अर्धं खाली ओढलं.

"हे टाकायचं नाय," ती म्हणाली.

"खोटं हाय का यातलं काही?" सहदेवनं विचारलं.

"खरं हाय म्हणूनच. तुम्हाला परवानगी हाय का?"

"माझं नाव कुठं हाय त्यात?"

"योगेंद्रचं हाय ना? मग लिहिणारा कोण, ते हुडकायला किती वेळ लागतो? तुमच्या साहेबांना सांगा. अर्ज करा. तिथं बोला."

सहदेव चिडला. तो चिडलेला मी क्वचितच बघितलाय. "तिथं बोलून काय होतं ते तुला नाय माहीत," म्हणाला आणि फोन तिच्या हातातून घेऊन त्यानं बोट टेकवलं.

ती गेल्यावर मी काय केलं तेही सांगतो. ती पोस्ट मी आमच्या चौक परिसराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. तिथून कर्जतच्या ग्रुपवर गेली. बायजाबाईच्या गावात कुणीतरी ती तिला वाचून दाखवली. संध्याकाळी मला तिथून फोनसुद्धा आला, की म्हातारी पहिल्यांदा रडली. मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी ते आमच्या हातातून सुटलं. लाखो लोक बघतात अशा एका पेजनं त्या मजकुराचा फोटो उचलला आणि वर आपल्या ओळी घातल्या. फौज जवानांना मारते, अधिकारी खातात, असलं काहीतरी. दुसऱ्या बाजूचे लोक तुटून पडले. 'घाटाखालचा' हा देशद्रोही आहे, शत्रूचा माणूस आहे, याला पकडा. एका चॅनेलनं तर त्यावर अर्धा तास भांडण लावलं. सहदेव आमच्या टीव्हीसमोर बसून ते बघत होता. योगेंद्रचं नाव त्या अर्ध्या तासात दोनदा आलं, तेही चुकीचं उच्चारलेलं.

"काढून टाक दादा," तो म्हणाला. मी काढली. पण फोटो फिरतच राहिले.

चार दिवसांनी त्याची सुट्टी संपली.

पुढचं मी बघितलेलं नाही, सहदेवनं सांगितलं ते सांगतो. तो पोचायच्या आधीच युनिटात शोध सुरू झाला होता. पोस्ट मराठीत, खात्याचं नाव 'घाटाखालचा'. म्हणजे दोघांतला एक. रूपेशला आधी एकदा ताकीद मिळालेली होती, त्यानं वर्दीत नाचतानाचा व्हिडिओ टाकला होता म्हणून. त्यामुळे सगळ्यांची नजर त्याच्याकडे गेली. त्याचा फोन जप्त झाला आणि त्याची सुट्टी रद्द झाली. सुट्टी साधी नव्हती. खोपोलीला त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते, पहिलंच बाळंतपण होतं.

सहदेव पोचला तेव्हा रूपेश बॅरेकीत खाटेवर बसला होता. म्हणाला, "मला तर चार ओळी मराठी सरळ लिहिता येत नाय. यांना कोण सांगणार?" मग सहदेवकडे बघत राहिला. "तू लिवतोस ना रं पैल्यापासून?"

सहदेव म्हणाला, "कोण म्हणतं?"

हे मला सांगताना त्यानं तेच पुन्हा उच्चारलं. म्हणाला, "दादा, मी असं बोललो. 'कोण म्हणतं?' असं. आणि बाहेर गेलो."

चार दिवस त्यानं काढले. रोज सकाळी हजेरीला रूपेश त्याच्या शेजारी उभा असायचा आणि त्याच्याकडे बघायचा नाही. पाचव्या दिवशी खोपोलीहून निरोप आला, रूपेशला मुलगी झाली, आई आणि बाळ बरी आहेत. रूपेशनं निरोप ऐकला आणि सगळ्यांचं तोंड गोड करायला कुणाकडे तरी साखर मागायला निघाला. सहदेव तिथून उठला आणि सरळ सुभेदाराकडे गेला. म्हणाला, कमांडिंग साहेबांना भेटायचंय, ते मीच लिहिलंय.

साहेब ओरडले नाहीत. सहदेवला तेच जड गेलं. त्यांच्यासमोर पोस्टचा छापलेला कागद होता. बोलणं हिंदीतून झालं, सहदेवनं मला ते आपल्या भाषेत सांगितलं.

"बोलायचं स्वातंत्र्य सगळ्यांना आहे," साहेब म्हणाले. "ते ज्या घटनेत लिहिलंय, त्याच घटनेत हेही लिहिलंय की फौजेच्या बाबतीत त्याला मर्यादा घालता येतात. तू सही करून आत आलास. माहीत होतं ना?"

"होतं साहेब."

"या दोन ओळी वाच."

पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. मंगळवारची खेप. दुसऱ्या पुलाच्या पुढचं वळण.

"शिधा कुठल्या वारी जातो आणि गाडी कुठं हळू होते, हे तू लाखो लोकांना सांगितलंस. त्या दिवसापासून मला वार बदलावा लागला. पुढच्या मंगळवारी त्या वळणावर कुणी बसलं असतं, तर वर जाणाऱ्या पोराला काय सांगायचं होतं?"

हे सहदेवच्या मनातही आलं नव्हतं. बॅनर उतरवायला शिडीवर चढणारा तो माणूस, पण हे त्याला सुचलं नाही. लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर फक्त बायजाबाई होती.

मग साहेबांनी दुसरा कागद पुढं सरकवला. अपघाताच्या दिवशी सकाळी गाडी निघण्याआधी भरलेला तपासणीचा कागद. ब्रेकच्या पुढं 'ठीक' असं लिहिलेलं होतं. खाली सही होती, सहदेव पिंगळे, नाईक.

"पोस्टमध्ये सगळं लिहिलंस," साहेब म्हणाले. "हे राहिलं."

सहदेवनं कागद उचलून आपली सही बघितली.

"चौकशीत तुला विचारलं होतं, गाडीत काही दोष होता का. काय सांगितलंस?"

"'लक्षात नाही' म्हणालो, साहेब."

"बोलायला बंदी फेसबुकवर होती. त्या खोलीत नव्हती."

त्या सकाळचं असं झालं होतं. प्रेशर उतरतंय हे सहदेवला माहीत होतं. त्यानं सुभेदाराला सांगितलंही. सुभेदार म्हणाला, वरच्या चौकीत दोन दिवसांचंच पीठ उरलंय, आजच्या दिवस जाऊ दे, खालच्या गिअरमध्ये नेईल. सहदेव कागद हातात धरून घुटमळत होता तेव्हा योगेंद्रच वरून केबिनमधून हसत म्हणाला, "सही कर रं, मी नेतो सावकाश." त्यानं सही केली. दुपारी गाडी गेली. चौकशीच्या खोलीत समोर तीन अधिकारी बसलेले बघून त्याच्या मनात एवढंच आलं, की आपण तोंड उघडलं तर पहिला कागद आपलाच निघणार. आणि त्याच कागदावर ब्रेकपुढं 'ठीक' लिहिलेलं असल्यामुळे योगेंद्रनं आधी लिहून दिलेली तक्रार मिटली असं धरलं गेलं आणि चौकशीला गाडीत दोष सापडला नाही. मग चूक उरली ती चालकाची.

त्याच्यावर कोर्ट मार्शल झालं. दोन्ही फिती उतरल्या आणि चौदा वर्षांच्या नोकरीनंतर तो पुन्हा साधा शिपाई झाला. नोकरी राहिली, ती तो आपणहून पुढं आला म्हणून. अपघाताची चौकशी पुन्हा उघडली. या वेळी त्यानं सही, सुभेदाराचं बोलणं, योगेंद्रचं हसणं, सगळं सांगितलं. रूपेशला सुट्टी मिळाली, पण मुलगी तोवर तीन आठवड्यांची झाली होती. निघताना सहदेव त्याच्यासमोर गेला. रूपेशनं त्याच्या बाजूला ठेवलेली आपली पिशवी उचलली आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडला. पुढं त्याची बदली झाली. आता कधी खोपोलीच्या बाजारात समोर आले तरी दोघं बोलत नाहीत.

वर्षभरानं सहदेव घरी आला तेव्हा जागृतीला त्यानं सहीबद्दल सांगितलं. मला तिनं सांगितलं. फिती गेल्या याचं तिला फार नव्हतं. ती म्हणत होती, "त्या दिवशी गॅरेजात मी म्हणाले, तिथं बोला. हे म्हणाले, तिथं बोलून काय होतं ते तुला नाय माहीत. दादा, ते तिथं बोललेच नव्हते रे. मला पण खोटंच सांगितलं." दोन महिने ती माहेरी, म्हणजे आमच्याकडे राहिली. मग येसूबाई स्वतः येऊन तिला घेऊन गेली.

मी ती पोस्ट ग्रुपवर टाकली होती, याबद्दल सहदेवनं मला कधी एक शब्द विचारला नाही. मी एकदा आपणहून विषय काढला. तो म्हणाला, "बोट माझं व्हतं दादा." एवढंच. पण ती माझ्या ग्रुपवरून गेली नसती तर कुंभेगावापलीकडे कुणी वाचलीही नसती, हे मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत आहे.

२०२३ साली बायजाबाईला सरकारी पत्र आलं. गावच्या शाळेतल्या मास्तरांनी वाचून सांगितलं, की आधीचा निष्कर्ष बदलला आहे, वाहनात दोष होता हे चौकशीत दिसून आलं. चालकाची चूक हे शब्द गेले होते. वाहनात दोष असताना ते वर का पाठवलं, कुणी पाठवलं, याबद्दल पत्रात काही नव्हतं. ती पत्र घेऊन घरोघर फिरली. काहींनी हात जोडले. काही म्हणाले, पोस्टमुळे बोंब झाली म्हणून सरकारनं सावरून घेतलं असेल. म्हणजे इथंही ती पोस्ट आडवी आलीच.

सहदेव गेल्या वर्षी सतरा वर्षं पुरी करून परत आला. कुंभेगावच्या पोरांना मिरवणूक काढायची होती, ट्रॅक्टर सजवायचा, बेंजो लावायचा. त्यानं आधीच कळवलं, काही करू नका. खोपोलीला उतरून रिक्षानं घरी आला. महिन्याभरात मोहोपाड्याच्या एका कंपनीत गाड्यांच्या देखभालीचं काम धरलं. गावातले लोक म्हणायचे, "आता मोकळा झालास. आता लिही की सगळं. मुलाखत दे." तो मान हलवायचा.

एका रविवारी सकाळी आला आणि म्हणाला, "दादा, गाडी काढ. बायजामावशीकडे जायचंय."

रस्त्यात मी विचारलं, "सांगणार?"

"हूं."

"पत्र तर आलंय तिला. आता कशाला?"

"पत्रात माझं नाव नाय," तो म्हणाला.

बायजाबाई थकली होती, पण ओळखलं लगेच. बसा म्हणाली, चुलीकडे वळली. सहदेव बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "मावशे, आज जेवण नको. आधी आयक." आणि त्यानं सांगितलं. प्रेशरचं, कागदाचं, सहीचं. चौकशीत काय बोलला ते. त्या दिवशी इथं बसून भाकरी खाताना रस्ता वाईट होता म्हणाला, तेही. शेवटी योगेंद्रचं 'सही कर रं'.

ती चुलीतली लाकडं मागं-पुढं करत राहिली. मग पदराला हात पुसून उठली.

"हे माज्या चुलीम्होरं नको सांगू," म्हणाली. "चल."

देवळाच्या पारावर सात-आठ जण बसले होते, पेपर वाचत, गप्पा मारत. बायजाबाई पुढं आणि आम्ही मागं. ती पाराशी उभी राहून म्हणाली, "माजा पोरगा प्याला व्हता असं कोन कोन म्हनत व्हतं, ते आयका आता. हा तिथं व्हता." आणि सहदेवकडे वळून म्हणाली, "बोल."

सहदेव बोलला. आधी आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, मग सगळं. पाच मिनिटंही लागली नसतील. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांसमोर बोलताना बघत होतो. लिहायचा तेव्हा शब्द कसे अलगद यायचे. इथं एकेक शब्द जॅकनं गाडी उचलावी तसा वर येत होता. 'सही मी केली' हे तो दोनदा बोलला, कारण पहिल्यांदा मागच्या माणसाला ऐकू गेलं नाही.

एका तरुणानं खिशातून फोन काढून समोर धरला. सहदेवला ते दिसलं, तो थांबला नाही. पण बायजाबाई त्या पोरावर कडाडली, "ठेव तो फोन! तुला सांगतोय तो, तुज्या फोनला नाय."

त्यानं ठेवला.

बोलून झालं. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे योगी न पिताच गेला." मग उठून निघून गेला. बाकीचे खाली बघत बसले. त्यांच्यातला एक जण अजूनही, आमच्या पाठीमागे, थंडीत थोडी तरी घेतलीच असेल असं म्हणतो, हे मला नंतर कळलं. सहदेवला मी ते सांगितलेलं नाही.

बायजाबाई घराकडे चालायला लागली. सहदेव तिच्या मागं चार पावलं गेला. ती मागं न वळता म्हणाली, "जा आता."

येताना कर्जतच्या चार फाट्यावर आम्ही चहाला थांबलो. त्यानं अर्धा कप ठेवला. "लई उशीर केला दादा," म्हणाला. नाही म्हटलं तर खोटं झालं असतं.

त्यानंतर तो दोनदा एकटाच तिच्याकडे जाऊन आला. एकदा कौलं बदलायची होती म्हणून, एकदा उगाच. मी विचारलं, "काय म्हणते?"

"पाणी देते," सहदेव म्हणाला. "बस म्हणत नाय."

पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे म्हणतो.